आनंदवनाचा आनंद कोठून आला? बाबा आमटे यांचे जीवन आणि सेवेची सम्यक दृष्टी

१६ ऑक्टोबर १९५६ रोजी परमपूज्य बाबासाहेबांनी चंद्रपूरच्या भूमीवर लाखोंच्या समुदायाला धम्मदीक्षा दिली. त्या वेळी चंद्रपूरला चांदा म्हणत आणि आजचा गडचिरोली जिल्हा चांद्यातच होता. जंगलातल्या गावांतून माणसे बैलगाडीने आणि पायी आली होती. शतकानुशतके अंगावर लादलेला विटाळ त्यांनी त्या दिवशी झुगारून दिला.

त्याच जिल्ह्यात, चंद्रपूर-नागपूर रस्त्यावरच्या वरोरा गावाबाहेर, विटाळाचा आणखी एक बांध फुटत होता. तिथे जन्माने कुठल्याही जातीची, पण सर्वच जातींनी हाकलून दिलेली माणसे खडकाळ माळावर विहिरी खोदत होती. ती कुष्ठरोगी माणसे होती. त्यांच्या वस्तीला नाव होते आनंदवन.

महारोग्यांच्या वस्तीला आनंदाचे नाव का द्यावे? तिथे खरोखर आनंद होता का आणि असेल तर तो कोठून आला? धम्माच्या मार्गावर राहून रोजचे सेवेचे काम करणाऱ्या तरुणांनी या प्रश्नाचा विचार करावा, म्हणून आनंदवनाचे संस्थापक मुरलीधर देवीदास तथा बाबा आमटे यांच्या जीवनाकडे वळू या. आमटे बौद्ध नव्हते. त्यांच्यावर गांधी-विनोबांचा प्रभाव होता. तरीही त्यांच्या आयुष्यात असे काही आहे, जे आपल्याला अष्टांगिक मार्गाच्या पहिल्याच पायरीपाशी, सम्यक दृष्टीपाशी, आणून सोडते.

जमीनदाराचा मुलगा

बाबा आमटे यांचा जन्म २६ डिसेंबर १९१४ रोजी हिंगणघाट येथे ब्राह्मण जमीनदार कुटुंबात झाला. बाबा हे त्यांचे लहानपणापासूनचे घरचे नाव. वरोऱ्याजवळ गोरजा येथे कुटुंबाची मोठी शेती होती. लहान वयातच हातात बंदूक आली. रानडुकरांची आणि हरणांची शिकार, स्वतःची मोटार, इंग्रजी सिनेमांचे वेड असे ते तारुण्य होते. आमटे सिनेमांची परीक्षणे लिहीत आणि हॉलिवूडच्या नट्यांशी पत्रव्यवहार करीत. नागपूरला कायद्याची पदवी घेऊन त्यांनी वकिली सुरू केली आणि ती चांगली चालू लागली.

या सुखात त्यांचे मन रमले नाही. आपण शेतात घाम न गाळता पीक खातो आणि जो गाळतो तो अर्धपोटी राहतो, हे त्यांना खुपत होते. न्यायालयात तासाभराच्या बोलण्याला मिळणारे पैसे मजुराच्या कित्येक दिवसांच्या मजुरीपेक्षा जास्त होते. १९४२ च्या आंदोलनात त्यांनी अटकेतल्या कार्यकर्त्यांच्या बचावासाठी वकिलांना एकत्र केले आणि स्वतः तुरुंगवास भोगला. रेल्वेत एका तरुणीला त्रास देणाऱ्या गोऱ्या सैनिकांना ते एकटे भिडले, तेव्हा गांधींनी त्यांना अभय साधक ही पदवी दिली.

डिसेंबर १९४६ मध्ये त्यांचा विवाह नागपूरच्या घुले घराण्यातील इंदू यांच्याशी झाला. याच पुढे साधनाताई म्हणून ओळखल्या गेल्या. कर्मठ घरात वाढलेल्या या मुलीने वरोऱ्याच्या श्रमाश्रमात सर्व जातींच्या कुटुंबांसोबत एका चुलीवर स्वयंपाक करायला सुरुवात केली. आनंदवनाचा इतिहास बहुतेक वेळा एकट्या आमटे यांच्या नावावर सांगितला जातो. पण घर चालवणे, जखमा धुणे, गोठा सांभाळणे आणि शेकडो माणसांना जेवू घालणे हे रोजचे, न संपणारे काम साधनाताईंनी आयुष्यभर केले.

मैल्याची टोपली

आमटे वरोरा नगरपालिकेचे उपाध्यक्ष असताना त्यांनी सफाई कामगारांचे संघटन केले. त्या काळी मैला डोक्यावरून वाहून न्यावा लागे. आमटे यांनी स्वतः ती टोपली उचलली आणि सुमारे नऊ महिने हे काम केले.

इथे आंबेडकरी वाचकाच्या मनात प्रश्न उभा राहील आणि तो रास्त आहे. सफाईच्या कामाला पवित्र ठरवून सफाई कामगाराला त्याच कामात समाधानी राहायला सांगणे, ही फसवणूक आहे हे बाबासाहेबांनी स्पष्ट दाखवून दिले होते. आमटे यांना ती टोपली कोणत्याही दिवशी खाली ठेवता आली असती. ज्याच्या जन्मालाच ती टोपली बांधली होती, त्याला ती सोय नव्हती. हा फरक विसरला तर सकारात्मक वृत्ती हा शब्द शोषणाचा साथीदार होतो. मैला वाहण्याची प्रथा बंद करण्यासाठी देशाला १९९३ आणि २०१३ असे दोन कायदे करावे लागले आणि तरीही गटारात उतरून माणसे मरत आहेत. अशा कामात आनंद शोधा, असे कुणालाही सांगण्याचा अधिकार आपल्याला नाही. ते काम माणसाच्या अंगावरून काढून घेणे, हीच तिथली सेवा आहे.

मग आमटे यांच्या त्या नऊ महिन्यांचे मोल काय? त्यांनी कामगारांना उपदेश केला नाही. ते कामगारांच्या संघटनेत उभे राहिले आणि त्यांचे काम स्वतःच्या डोक्यावर घेऊन पाहिले. त्यातून बदलला तो जमीनदाराचा मुलगा. आणि त्याच टोपलीने त्यांना त्यांच्या आयुष्याच्या वळणावर नेले.

तुळशीराम

एका पावसाळी रात्री, मैला वाहण्याचे काम करीत असताना, त्यांना रस्त्याच्या कडेला एक माणूस पडलेला दिसला. हातापायांची बोटे झडलेली, जखमांत अळ्या झालेल्या, मरणाच्या दारातला कुष्ठरोगी. त्याचे नाव तुळशीराम. आमटे घाबरले. अभय साधक म्हणवला जाणारा माणूस तिथून पळून गेला.

घरी आल्यावर त्यांची झोप उडाली. गोऱ्या सैनिकांना न भ्यालेला आपण एका असहाय माणसाला भ्यालो, ही जाणीव त्यांना स्वस्थ बसू देईना. जिथे भीती आहे तिथे प्रेम असू शकत नाही, हे त्यांच्या लक्षात आले. ते परत गेले. तुळशीरामला खाऊ घातले, पावसापासून आडोसा केला आणि त्याची शुश्रूषा केली. तुळशीराम फार दिवस जगला नाही. पण त्याच्या मरणाने आमटे यांचे पुढचे आयुष्य ठरवून टाकले.

या घटनेकडे नीट पाहिले पाहिजे. पळून जाताना आणि परत येताना तुळशीराम तोच होता. त्याचा रोग, त्याच्या जखमा, तो पाऊस, काहीही बदलले नव्हते. बदलली ती पाहणाऱ्याची दृष्टी. पहिल्यांदा आमटे यांना रोग दिसला, दुसऱ्यांदा माणूस दिसला.

आपल्या परंपरेत ही गोष्ट अडीच हजार वर्षे जुनी आहे. राजगृहात सुप्रबुद्ध नावाचा एक दरिद्री कुष्ठरोगी होता. माणसांची गर्दी पाहून, इथे अन्न वाटत असावेत या आशेने तो जवळ गेला. तिथे अन्न नव्हते, तथागतांचे प्रवचन चालू होते. तो बाजूला बसला. तथागतांनी सभेवर नजर फिरवली आणि धम्म समजू शकेल असा माणूस म्हणून त्यांनी नेमके सुप्रबुद्धाला ओळखले. त्यांनी त्याला पायरीपायरीने धम्म सांगितला. सगळ्या नगराला त्याच्यात कुष्ठ दिसत होते, तथागतांना समजण्याची क्षमता दिसली. पतित आणि दलितांच्या धम्मदीक्षेची प्रकरणे सांगताना बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात न्हावी उपाली आणि सफाई करणारा सुणीत यांच्याबरोबर सुप्रबुद्धालाही स्थान दिले आहे.

१४ रुपये आणि एक लंगडी गाय

भीती गेल्यावर आमटे यांनी ज्ञानाची वाट धरली. केवळ दयाबुद्धीने कुष्ठरोग बरा होत नाही, हे त्यांना कळत होते. कोलकात्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमध्ये जाऊन त्यांनी कुष्ठरोगाचा अभ्यास केला. या रोगाचे जंतू प्रयोगशाळेत वाढवता येत नसल्याने संशोधन अडले होते. तेव्हा त्यांनी प्रयोगासाठी स्वतःच्या शरीरात ते जंतू टोचून घेतले. त्यांना रोग झाला नाही.

१९४९ मध्ये महारोगी सेवा समितीची स्थापना झाली आणि १९५१ मध्ये आनंदवन सुरू झाले. सरकारकडून मिळालेली ५० एकर जमीन म्हणजे दगड, काटेरी झुडपे, साप आणि विंचू. सोबत साधनाताई, विकास आणि प्रकाश ही चार वर्षांच्या आतली दोन मुले, सहा कुष्ठरोगी, एक लंगडी गाय, एक कुत्रा आणि हातात १४ रुपये. पहिले काम पाण्याचे होते. झडलेल्या बोटांच्या हातांनी खडक फोडून विहीर खोदली गेली.

तोवर डॅप्सोन हे औषध आले होते आणि कुष्ठरोग आटोक्यात आणता येत होता. पण बरा झालेला माणूस जाणार कुठे? गाव घेत नाही, घर घेत नाही, पंगतीला बसवत नाही. देवळापुढे भीक मागणे एवढीच वाट उरते. म्हणजे औषधाने शरीर बरे झाले तरी समाजाची नजर आजारीच होती. १८९८ चा कुष्ठरोग्यांविषयीचा कायदा त्यांना कोंडून ठेवण्याची भाषा करीत होता. केंद्राने तो रद्द केला २०१६ मध्ये. आणि कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण कायद्यातून निघाले २०१९ मध्ये.

आमटे यांनी निर्णय घेतला की आनंदवनात भिक्षा चालणार नाही. जो येईल तो आपल्या शक्तीप्रमाणे काम करील आणि स्वतःच्या कमाईचे खाईल. शेती, गोठा, विणकाम, सुतारकाम, बांधकाम अशी कामे उभी राहिली. ज्याला बोटे नाहीत त्याने मनगटाला अवजार बांधले. ज्याला पाय नाहीत त्याने बसून करता येईल ते काम घेतले. दानाने माणूस दुबळा होतो आणि कामाने उभा राहतो, हे त्यांचे सूत्र होते.

सुरुवातीला वरोऱ्याचे लोक आनंदवनातले दूध आणि भाजी घ्यायला तयार नव्हते. पुढे सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनल या संघटनेचे देशोदेशीचे तरुण आले, रुग्णांबरोबर राहिले, इमारती बांधल्या आणि त्यांच्याच हातचे जेवले. ते पाहून गावाची भीती हळूहळू ओसरली. १९६४ मध्ये आनंदवनाने वरोरा परिसरातल्या मुलांसाठी आनंद निकेतन महाविद्यालय काढले. ज्या हातांची भाजी गावाला नको होती, त्याच हातांनी उभ्या केलेल्या इमारतीत गावाची मुले शिकू लागली.

आनंदवनाचा आनंद इथून आला. तो मनाची समजूत घालून आलेला नव्हता. आपण निरुपयोगी नाही, आपल्या श्रमावर दुसरा कुणी जगतो आहे, हे रोज सकाळी अनुभवणाऱ्या माणसाचा तो आनंद होता. सेवा करणारा आणि सेवा घेणारा अशी भिंत तिथे फार काळ टिकली नाही. बरा झालेला रुग्ण नव्या रुग्णाच्या जखमा धुऊ लागला. अंध आणि मूकबधिर मुलांच्या शाळा निघाल्या, वृद्धांसाठी घरे झाली, बरे झालेल्यांचे विवाह झाले आणि संसार उभे राहिले.

जंगलाकडे

१९६७ मध्ये मूल तालुक्यातील सोमनाथ येथे दुसरा मोठा प्रकल्प सुरू झाला. तिथे बरे झालेल्या कुष्ठरोग्यांनी भाताची शेती केली. दर मे महिन्यात भरणाऱ्या सोमनाथच्या श्रमसंस्कार छावणीत महाराष्ट्रभरातून तरुण येऊ लागले. विदर्भातला मे महिना काय असतो हे आपल्याला सांगायला नको. त्या उन्हात सकाळी फावडे आणि घमेले, दुपारनंतर चर्चा, रात्री गाणी. आज निरनिराळ्या चळवळींत असलेले कित्येक कार्यकर्ते या छावणीतून गेले आहेत.

२३ डिसेंबर १९७३ रोजी भामरागडजवळ हेमलकसा येथे लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला. माडिया आदिवासींपर्यंत तोवर ना दवाखाना पोचला होता ना शाळा. प्रकाश आणि मंदाकिनी हे डॉक्टर दांपत्य तिथे झोपडीत राहिले. वीज नव्हती आणि पावसाळ्यात नद्यांना पूर आला की जगाशी संबंध तुटे. सुरुवातीला आदिवासी उपचाराला येत नसत. शहरी माणसांनी त्यांना आजवर लुबाडलेच होते, मग त्यांनी विश्वास का ठेवावा? डॉक्टरांनी त्यांची भाषा शिकून घेतली, वाट पाहिली आणि एकेक रुग्ण बरा होत गेला तसा विश्वास वाढला.

या सगळ्या काळात आमटे यांच्या पाठीच्या कण्याच्या दुखण्याने त्यांना बसणे अशक्य केले होते. उभे राहायचे किंवा आडवे व्हायचे, एवढेच शक्य होते. त्याच अवस्थेत त्यांनी १९८० च्या दशकात गोदावरीवरील इंचमपल्ली आणि इंद्रावतीवरील भोपालपट्टणम या धरणांविरुद्ध जंगल आणि माणूस वाचवण्याचे आंदोलन उभे केले. ही धरणे झाली असती तर सिरोंचा-भामरागड भागातली गावे आणि जंगल पाण्याखाली गेले असते. त्या वेळी ते प्रकल्प पुढे सरकले नाहीत. डिसेंबर १९८५ मध्ये, वयाच्या ७१ व्या वर्षी, ते तरुण सायकलस्वारांबरोबर कन्याकुमारीहून काश्मीरकडे निघाले. ते बसमध्ये आडवे पडून प्रवास करीत. १९८८ मध्ये इटानगर ते ओखा अशी दुसरी यात्रा झाली. १९९० मध्ये ते आनंदवन सोडून नर्मदाकाठी कसरावद येथे राहायला गेले आणि विस्थापितांच्या बाजूने उभे राहिले.

१९८५ चा मॅगसेसे, १९९० चा टेम्पलटन असे जगातले मोठे पुरस्कार त्यांना मिळाले. ९ फेब्रुवारी २००८ रोजी, वयाच्या ९४ व्या वर्षी, आनंदवनात त्यांचे निधन झाले. त्यांच्या इच्छेप्रमाणे कोणताही विधी न करता त्यांचा देह आनंदवनाच्याच मातीत पुरण्यात आला.

आपण काय घ्यावे?

आज चंद्रपूर-गडचिरोलीत आपल्या समाजातली असंख्य तरुण माणसे सेवेच्या कामात आहेत. आशा कार्यकर्ती पावसात नाला ओलांडून गरोदर बाईपर्यंत पोचते. अंगणवाडीताई पोरांची वजने करते. परिचारिका रात्रपाळी करते. कुणी विहारात अभ्यासिका चालवतो, कुणी वनहक्काचे दावे भरून देतो, कुणी ऑक्टोबरात दीक्षाभूमीवर पाणी वाटतो आणि गर्दी गेल्यावर मैदान झाडतो. यातले बरेच जण काही वर्षांनी थकतात आणि कडवट होतात. आपण एवढे करतो, समाजाला त्याची किंमत नाही, अशी तक्रार सुरू होते. मग काम सुटते किंवा काम राहते आणि त्यातला जीव जातो.

आमटे यांच्या जीवनातून या थकव्यावर काही उपाय दिसतात. पहिला असा की सेवेचा आनंद कौतुकावर टांगून ठेवू नये. वरोऱ्याने दूध नाकारले तेव्हाही गायी पाळल्या जात होत्या. दुसरा असा की ज्याची सेवा करतो त्याला कायमचा गरजू ठेवू नये. तो उभा राहिला, आपल्या बरोबरीला आला आणि उद्या आपल्यापुढे गेला, तर त्याचा आनंद व्हावा. धम्मात या भावनेला मुदिता म्हणतात. करुणा सर्वांना ठाऊक असते, पण मुदितेविना करुणा उपकाराच्या भावनेत बदलायला वेळ लागत नाही. तिसरा असा की चांगल्या वृत्तीला ज्ञानाची आणि संघर्षाची जोड हवी. आमटे यांनी आधी वैद्यकशास्त्र शिकून घेतले आणि वेळ आली तेव्हा सरकारविरुद्ध उभेही राहिले. आशाताईने हसतमुख असावे हे ठीक, पण तिच्या मानधनासाठी तिच्याबरोबर मोर्चात चालणे हेही आपल्या सम्यक दृष्टीतच येते.

आणि एक अगदी जवळचे काम. कुष्ठरोग संपलेला नाही. चंद्रपूर आणि गडचिरोलीत आजही नवे रुग्ण सापडतात. अंगावर फिकट किंवा लालसर चट्टा आणि त्या जागी संवेदना नसणे, ही त्याची खूण. प्राथमिक आरोग्य केंद्रात औषध मोफत मिळते आणि वेळेत घेतले तर माणूस व्यंगाशिवाय पूर्ण बरा होतो. आपल्या वस्तीतला कुणी असा चट्टा लपवत असेल, तर त्याला सोबत घेऊन दवाखान्यात जाणे ही तासाभराची सेवा आहे.

विनयपिटकात एक प्रसंग आहे. अतिसाराने आजारी, स्वतःच्या घाणीत पडलेल्या आणि सोबत्यांनी टाकून दिलेल्या एका भिक्खूला तथागतांनी आनंदाच्या मदतीने स्वतः धुतले आणि बिछान्यावर ठेवले. मग भिक्खूंना बोलावून समजावले की आजाऱ्याची सेवा करणे म्हणजे प्रत्यक्ष आपलीच सेवा करणे होय. ज्या धम्माचा शास्ता स्वतःच्या हाताने आजाऱ्याची घाण धुतो, त्या धम्माच्या अनुयायांना सेवेची प्रेरणा बाहेरून आणावी लागत नाही. वरोऱ्याच्या माळावर एका माणसाची भीती गेली आणि हजारो माणसांची घरे उभी राहिली. आपल्या गावात, आपल्या वस्तीत अजून कुणाकडे पाहून आपण वाट बदलतो, एवढे प्रत्येकाने शोधले तरी आपले काम सुरू होईल.

नमो बुद्धाय! जय भीम!